स्वयंभू गांधार

रविवार, रात्री साडेदहा. खारघर.

आज पाच महिन्यांनी नौपाड्यात गाण्याच्या बाईंसमोर बसून शिकले. मधले सगळे महिने तालीम फोनवरच झाली. बाईंचे गुडघे, माझी नोकरी. फोन नसता तर शिकणं तुटलंच असतं, हे मी विसरणार नाही.

यमन रागच चालू आहे. मी गांधार, म्हणजे 'ग', लावला आणि बाईंनी थांबवलं. तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा किंचित सरकवला, खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, तार छेडली, म्हणाल्या, "अगं, तू कशाला लावतेस? तो आधीच आहे. ऐक, आणि त्यात जा."

आणि ऐकू आला! खर्जाच्या एकाच तारेतून, मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा तो गांधार. भोपळा मांडीला टेकला होता, त्यामुळे नुसता कानांनाच नाही, हाडांनाही कळला. फोनवर हा कधी भेटलाच नव्हता. आवाज 'स्वच्छ' करणारी तिथली यंत्रणा सतत चालणारा नाद पंख्याची घरघर समजून कापून टाकते. म्हणून बाई त्यांच्या तंबोऱ्यावर, मी माझ्या तंबोऱ्याच्या ॲपवर. सोबत गाणं तर दूरच. खोलीत दोन मीटरवरून आवाज सहा मिलिसेकंदांत पोचतो, कॉलवर सहज शे-दीडशे लागतात. दोघींचा सा एकत्र पडणार कसा?

मर्लो-पाँती हा फ्रेंच तत्त्वज्ञ म्हणायचा की शरीर ही आपल्याजवळची एखादी वस्तू नाही, जग आपल्याला भेटतं तेच शरीरातून. वाचलं तेव्हा पटलं होतं, कळलं आज. ह्यूबर्ट ड्रायफस या अमेरिकन तत्त्वज्ञाने 2001 मध्ये, व्हिडिओ कॉल घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी, दूरस्थ शिक्षणाबद्दल लिहिलं होतं: समोरासमोर चुकण्याची जोखीम नसेल तर शिकणारा एका पायरीवर अडकतो. मी अडकलेच होते. फोनवर सूर हलला की मी नजर पडद्यावरच्या कोपऱ्यात वळवायचे. आज वळवायला जागाच नव्हती. पुन्हा चुकले, तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्या आधी श्वास घेतला. मीही घेतला, आणि गांधार बसला.

निघताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पाचला ये. तंबोरा तू जुळवायचास."