अर्ध्या हंगामाची क्रमवारी: सॅक्रामेंटोच्या मैदानाचा गुंता सुटला

मंडळी, सुटलं! मेजर लीग बेसबॉलच्या तीस संघांची ताकद मोजून क्रमवारी लावणारं माझं एक मॉडेल आहे, आणि सॅक्रामेंटोला खेळणारा एक संघ त्यात नीट बसत नव्हता. मंगळवारी, १५ जुलै २०२५ ला, अटलांटाला ऑल-स्टार सामना ६-६ असा बरोबरीत अडकला आणि निकाल होमरनच्या (चेंडू थेट कुंपणापलीकडे मारण्याच्या) टायब्रेकरवर गेला. काइल श्वार्बरने तीन फटक्यांत तीन होमरन मारले, तेव्हा माझ्या लॅपटॉपवर मॉडेल तपासायला बनवलेल्या खोट्या हंगामाची शेवटची फेरी चालू होती. नॅशनल लीग जिंकली, मी स्क्रीनकडे वळले, आणि समोरच्या तक्त्यात अ‍ॅथलेटिक्सची ओळ जागची हललेली नव्हती. मैदानाचा आकडा मी मुद्दाम चुकवला होता, तरीही हलली नव्हती. गेले पाच आठवडे मी याचीच वाट बघत होते.

मागच्या नोंदीत कुठे थांबलो होतो ते थोडक्यात. प्रत्येक संघाला फलंदाजीचा एक आकडा आणि धावा रोखण्याचा एक आकडा, शिवाय समीकरणात एक पद मैदानाचं आणि एक घरच्या मैदानावर खेळण्याच्या फायद्याचं. धावांसाठी निगेटिव्ह बायनोमियल हे संभाव्यता-वितरण, कारण पॉयसाँ या साध्या वितरणाला बेसबॉलच्या धावांचा विखुरलेपणा पेलवत नाही. पहिल्या नऊ डावांपुरतंच मोजायचं, म्हणजे २०२० पासून जादा डावांत दुसऱ्या बेसवर फुकट उभा राहणारा धावपटू हिशेबाबाहेर राहतो. आणि सामन्याऐवजी संघाने खेळलेले आउट (बाद झालेले खेळाडू) मोजायचे, कारण यजमान पुढे असले तर नवव्या डावाचा उत्तरार्ध खेळतच नाहीत. हे सगळं मे महिन्यात नीट बसलं होतं.

बसत नव्हते ते अ‍ॅथलेटिक्स. ऑल-स्टारच्या सुट्टीला ते ४१-५८ आहेत (४१ विजय, ५८ पराभव), अमेरिकन लीग वेस्ट या गटात तळाला. माझं मॉडेल मात्र त्यांना तीसपैकी सोळावं स्थान देत होतं. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ टॉम टांगो यांचा जुना नियम लावा: ७० सामन्यांची बरोबरी मिसळा, म्हणजे ३५ विजय आणि ३५ पराभव. तरी ७६ भागिले १६९, म्हणजे .४५० येतं. सोळाव्या क्रमांकाचा संघ .४५० चा नसतो.

हे मला जास्त लागलं, कारण हा माझा संघ आहे. फ्रेमाँटला आल्यापासून बार्टने (बे एरियाच्या लोकल रेल्वेने) कोलिझियमला, म्हणजे त्यांच्या ओकलंडच्या मैदानावर, जायची सवय लागली होती. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना रेंजर्सविरुद्ध ३-२ ने जिंकला, तेव्हा लेकीला खांद्यावर घेऊन मी वरच्या मजल्यावर उभी होते. त्यामुळे त्यांना सोळावं बघून बरं वाटत होतं, आणि म्हणूनच त्या आकड्यावर माझा विश्वास बसत नव्हता.

पहिली चूक पटकन सापडली. संघ ओकलंड सोडून वेस्ट सॅक्रामेंटोला गेला, नावातून शहर गेलं, आणि डेटामध्ये संघाचा कोड 'ओएके'चा 'एटीएच' झाला. माझा प्रायर, म्हणजे हंगामाआधीचा अंदाज, गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून येतो. कोड जुळला नाही, म्हणून मॉडेलने त्यांना नवा कोरा संघ समजून लीगची सरासरी देऊन टाकली. २०२४ ला ६९-९३ राहिलेल्या संघाला सरासरीपासून सुरुवात मिळाली होती. एक ओळ बदलली आणि ते सोळावरून एकोणिसावर आले. त्या संध्याकाळी मी कांदाभजी तळली. (तुमच्यापैकी ज्यांनी कोड हाताने टाइप केलेत त्यांनी आजच तपासा. जोडणी चुकली तरी काहीही ओरडत नाही, ओळ गुपचूप रिकामी राहते.)

पण एकोणीससुद्धा जास्तच. इथून पुढे मैदानाचं प्रकरण सुरू झालं.

या वर्षी, २०२५ ला, दोन संघ मायनर लीगच्या (खालच्या पातळीच्या) मैदानांवर खेळताहेत हे तुम्हाला माहीत आहेच. अ‍ॅथलेटिक्स सटर हेल्थ पार्कला, जे ट्रिपल-एच्या (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीच्या) रिव्हर कॅट्सचं घर. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळाने ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाडल्यामुळे रेज हा संघ टॅम्पाच्या स्टाइनब्रेनर फील्डवर, जे यँकीजचं वसंतातल्या सरावाचं मैदान. दोन्हींचा मेजर लीगमधला इतिहास शून्य. एरवी पार्क फॅक्टरला (त्या मैदानावर सरासरीच्या किती पट धावा होतात तो आकडा, एक म्हणजे सरासरी) आपण तीन वर्षांचा डेटा घेतो आणि तरी तो एककाकडे ओढतो. इथे जेमतेम साडेतीन महिने.

सटर हेल्थसाठी मी सुरुवातीला ट्रिपल-एच्या जुन्या आकड्यांचा आधार घेतला. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये सॅक्रामेंटो पिचरांना (चेंडू फेकणाऱ्यांना) अनुकूल मैदान म्हणून ओळखलं जातं, म्हणून मी फॅक्टर एकच्या खाली ठेवला. ही माझी दुसरी चूक, आणि ती समजायला दोन आठवडे गेले. पार्क फॅक्टर हा त्या त्या लीगच्या सरासरीशी लावलेला असतो. त्या लीगमध्ये अल्बुकर्की दीड हजार मीटरच्या वर, रेनो आणि सॉल्ट लेक जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर. अशा शेजाऱ्यांत समुद्रसपाटीजवळचं सॅक्रामेंटो पिचरांचं मैदान वाटणारच. त्याला मेजर लीगच्या रांगेत उभं केलं की चित्र उलटतं: कोरडी गरम दुपार, बे एरियाच्या गार हवेचं नाव नाही, आणि कोलिझियमच्या मानाने फाउलची जागा अगदी थोडी. कोलिझियममध्ये उंच उडालेले कित्येक फाउल चेंडू त्या अवाढव्य जागेत झेलले जायचे. इथे ते प्रेक्षकांत जातात आणि फलंदाजाला आणखी एक चेंडू मिळतो.

जूनमध्ये आम्ही तिघं एका दुपारच्या सामन्याला गेलो होतो. उजव्या बाजूच्या गवताच्या उतारावर चादर टाकून बसलो आणि पाचव्या डावापर्यंत पाण्याच्या तिन्ही बाटल्या संपल्या. लेकीने दोनदा विचारलं, "आई, हा पण होमरन?" दोन्ही वेळा मी म्हणाले नाही, आणि दोन्ही वेळा चेंडू भिंतीपलीकडे गेला. एका दुपारवरून मी काही सिद्ध करत नाहीये. पण त्या उकाड्यात बसल्यावर एकच्या खालचा फॅक्टर ठेवायची माझी हिंमत राहिली नाही.

मग फॅक्टर किती ठेवायचा? १.०५ ठेवला, अ‍ॅथलेटिक्स बदलले. १.१५ ठेवला, परत बदलले. इथे माझं डोकं अडकलं. नीट विचार केला तर मैदानाने संघाची क्रमवारी हलायलाच नको! मैदान दोन्ही संघांना सारखंच. धावा दहा टक्के वाढल्या तर केलेल्याही वाढतात आणि दिलेल्याही. पायथॅगोरियनमध्ये (केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून विजय काढण्याच्या सूत्रात) गुणोत्तर जसंच्या तसं राहतं. २०२३ चे पाद्रेज घ्या: ७५२ केल्या, ६४८ दिल्या, १.८३ च्या घाताने ९२ विजय निघतात (प्रत्यक्षात ८२). दोन्ही आकड्यांना हवं त्याने गुणा, ९२ चे ९२ च. मग माझ्याकडेच का हलतंय?

शेवटी खोटा हंगाम तयार केला. तीसही संघ तंतोतंत सारखे, वेळापत्रक खरं, फक्त सॅक्रामेंटोचं मैदान धावांचं. आणि मॉडेलला मुद्दाम सांगितलं की ते पिचरांचं आहे. दोनशे वेळा चालवलं. सगळे संघ सारखे असूनही अ‍ॅथलेटिक्स दर वेळी वर चढत होते. खोटा हंगाम आधीच का केला नाही याची हळहळ अजून आहे. तुम्ही कुठलंही मॉडेल लिहा, त्याला आधी उत्तर माहीत असलेलं गणित द्या.

कारण निघालं मार्चमधल्या माझ्या निर्णयात. तेव्हा मी लांबलचक लिहिलं होतं की धावा रोखण्याचा आकडा सरासरीकडे जास्त ओढायला हवा, कारण पिचरांच्या दुखापती आणि बदल्या फार. म्हणून फलंदाजीत जे दिसतं त्यातलं साधारण ७० टक्के ठेवत होते, धावा रोखण्यातलं ५० टक्के. आता हिशेब करा. मैदान खरं दहा टक्के वरचं, मी सांगितलं दहा टक्के खालचं. घरच्या सामन्यांत सुमारे वीस टक्के धावा 'अकारण' जास्त दिसतात, आणि निम्मे सामने घरचे म्हणून एकूण दहा टक्के. मॉडेल म्हणतं: फलंदाजी दहा टक्के चांगली, पिचिंग दहा टक्के वाईट. मग ओढाताण सुरू होते. फलंदाजीचे सात राहतात, पिचिंगचे पाच. दोन टक्के हवेतून पैदा झाले! सामन्याला साडेचार धावा धरल्या तर पूर्ण हंगामात १४-१५ धावा, म्हणजे दीड विजय.

दीड विजय ऐकायला किरकोळ वाटतो. पण क्रमवारीचा मध्य बघा: ट्विन्स ४७-४९, एंजल्स ४७-४९, रेंजर्स ४८-४९, रॉयल्स ४७-५०, डायमंडबॅक्स ४७-५०. पाच संघ एका सामन्याच्या अंतरात. तिथे दीड विजय म्हणजे पाच पायऱ्या. टोकाला मात्र काही फरक पडत नाही. ५९-३८ चे टायगर्स आणि २२-७४ चे रॉकीज कुठल्याही चुकीत आपापल्या जागी राहतात.

उपाय सुचला तो रविवारी भांडी घासताना. फलंदाजी आणि धावा रोखणं असे दोन आकडे ठेवायचेच नाहीत. त्यांची बेरीज घ्यायची, तिला मी 'ताकद' म्हणते. आणि त्यांची वजाबाकी घ्यायची, तिला 'ढंग'. ताकद म्हणजे संघ किती चांगला. ढंग म्हणजे त्याचे सामने धावांचे होतात की कमी धावांचे. ओढायचं ते ताकदीला वेगळं आणि ढंगाला वेगळं. मैदानाची चूक फलंदाजी वर नेते आणि पिचिंग तेवढंच खाली, म्हणजे बेरीज शून्य, सगळी चूक ढंगात जाऊन बसते. ढंगाने क्रमवारी ठरत नाही. मैदानाबद्दल मला अजूनही नक्की काही माहीत नाही, पण त्या अज्ञानाची झळ आता क्रमवारीला लागत नाही.

मंगळवारी हेच चाललं. फॅक्टर ०.९, १.०, १.१, १.२, काहीही द्या, अ‍ॅथलेटिक्स तेवीस. खोट्या हंगामातही तीसही संघ शून्याभोवती. हे बघायला मी नवऱ्याला झोपेतून उठवलं आणि त्याने चष्मा लावून पूर्ण तक्ता वाचला.

रेजचं थोडक्यात, कारण ते आता सोपं झालं. उन्हाळी पावसामुळे त्यांचं वेळापत्रक वाकडं केलंय: पहिल्या ५९ पैकी ४७ सामने घरी, म्हणजे उरलेल्या १०३ पैकी ६९ बाहेर. बाहेरचे फक्त १२ सामने घेऊन मैदानाचा फॅक्टर काढणं म्हणजे वाळूवर भिंत. शिवाय बाराही जवळपास एप्रिल-मेमधले. मला भीती होती की घरच्या मैदानाचा फायदाच त्यांना फुगवत असेल. घरी .५४० आणि बाहेर .४६० धरून केलं: पहिल्या ५९ मध्ये मध्यम संघाला सुमारे १.४ विजय जास्त मिळतात, पुढच्या १०३ मध्ये तेवढेच जातात. वाटलं होतं त्याहून कमी, पण ५०-४७ च्या संघाला तेही महत्त्वाचं. माझ्या यादीत ते दोन जागा उतरले.

वरचा भाग तुम्ही विचारणारच. टायगर्स आणि कब्ज जवळपास चिकटून, त्यामागे डॉजर्स आणि यँकीज. ब्लू जेज ५५-४१ असून अमेरिकन लीग ईस्टमध्ये पहिले, यँकीजना चारही सामन्यांत हरवून सलग दहा विजयांची माळ लावलेले, तरी माझ्याकडे यँकीजच्या खाली. यावर मी ठाम आहे. जिंकलेले सामने टोरांटोच्या खिशात आहेत आणि ते कुणी काढून घेणार नाही. पण पुढच्या ६६ सामन्यांसाठी मी धावांचा फरक बघते. २०२३ चे मार्लिन्स आठवा, ५७ धावांनी उणे असून ८४ विजय. एकेका धावेने ३३ जिंकले, १४ हरले. ते विजय खरे होते, पण संघ तेवढा मोठा नव्हता. ब्रूअर्सबद्दल मात्र मी डगमगतेय, पुढच्या नोंदीत बघू.

साधनांबद्दल दोन शब्द. रेट्रोशीटसारखं (सामन्यांच्या नोंदींचा संग्रह) काम जगात दुसरं नाही. स्वयंसेवकांनी जमवलेला, फुकट, आणि सामन्याचं तापमान व वारा नोंदवलेला डेटा. स्टॅन, म्हणजे मी मॉडेल ज्यात लिहिते ती भाषा, माझ्या जुन्या लॅपटॉपवर कंपाइल व्हायला वेळ खातं, पण त्याचे इशारे खरे असतात. मी मे महिन्यात दुर्लक्ष केलेला एक इशारा नेमका याच ओढाताणीबद्दल होता.

पुढचा बेत पिचरांची बदली जोडायचा होता, ३१ जुलैच्या ट्रेड डेडलाइनआधी (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेआधी). पण वर 'बाराही जवळपास एप्रिल-मेमधले' असं लिहिताना लक्षात आलं की मैदान आणि ऋतू मी अजून एकत्रच मोजतेय. सॅक्रामेंटोच्या एप्रिलच्या रात्री आणि जुलैच्या दुपारी हे एकच मैदान नाही. ढंगाच्या बाजूला तापमानाचं पद घातलं तर रेजच्या एप्रिलची तुलना त्यांच्याच ऑगस्टशी न करता बाकी सगळ्यांच्या एप्रिलशी करता येईल. तेव्हा पिचर थांबतील, तापमान आधी. शुक्रवारी सामने परत सुरू व्हायच्या आत एप्रिलपासूनच्या बॉक्सस्कोअरमधून अंश खेचून ठेवते. कुणाकडे तयार तक्ता असेल तर कळवा, फक्त छप्पर बंद होतं की उघडं याचा रकाना त्यात हवा.