नाईलची बोट : लुक्सॉर ते आस्वान, सावकाश

इजिप्तमधल्या नाईल क्रूझची जाहिरात बघितली की वाटतं, चार दिवस नुसतं नदीवर तरंगत राहायचं. प्रत्यक्षात चार रात्रींच्या सफरीत बोट दिवसाउजेडी चालते ती जेमतेम आठ-दहा तास. लुक्सॉर ते आस्वान अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण पुणे-कोल्हापूर. बाकीच्या वेळी बोट धक्क्याला बांधलेली असते, नाहीतर तुम्ही झोपलेले असता. म्हणून बुकिंग करताना हे आठ-दहा तास कुठल्या टप्प्यात येतात ते आधी विचारा. जेवणाचा मेनू नंतर बघता येईल.

लुक्सॉरहून निघणाऱ्या बोटी बहुधा चार रात्रींच्या, आस्वानहून येणाऱ्या तीन रात्रींच्या असतात. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे आस्वानकडे जाणं म्हणजे नकाशात खाली आणि नदीत वर. निवड करायची असेल तर चार रात्रींचीच घ्या. तीन रात्रींच्या सफरीत लुक्सॉरचा पश्चिम काठ, म्हणजे राजांच्या थडग्यांची बाजू, अगदी शेवटच्या सकाळी येतो. तेव्हा बॅगा खाली लॉबीत आणि लक्ष विमानाच्या वेळेकडे.

केबिन मधल्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्याकडची किंवा पुढच्या भागातली मागा. मागच्या बाजूला इंजिन आणि जनरेटरची घरघर रात्रभर. सगळ्यात खालच्या मजल्याच्या खिडकीत पाणी जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर येतं आणि काठ दिसतच नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर डोक्यावर सनडेक, म्हणजे पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज. आस्वानकडे जाताना उजवा हात म्हणजे पश्चिम, सूर्यास्त तिकडे. पण त्या बाजूची केबिन दुपारभर तापते, आणि सूर्यास्त डेकवरून फुकट दिसतो.

‘नाईल व्ह्यू’साठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. धक्क्यावर जागा कमी, बोटी फार. त्यामुळे चार-पाच बोटी एकमेकींना खेटून बांधतात. पडदा उघडला तर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतले काका दात घासत असतात. बाहेर पडायचं तर मधल्या प्रत्येक बोटीच्या लॉबीतून चालत जायचं. परत येताना तुमची बोट दुसरी होती ती चौथी झालेली असते, कधी धक्काच बदललेला असतो. उतरताना देतात ते कार्ड खिशात असू द्या, आणि बोटीचं नाव पाठ करा.

पहिले दोन दिवस लुक्सॉरचे. कर्नाकच्या देवळातल्या खांबांच्या दालनात १३४ खांब आहेत. तिथे उघडण्याच्या वेळीच पोचा. राजांच्या खोऱ्यात साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तूतानखामून वेगळ्या तिकिटाचा, पाचव्या-सहाव्या रामसेसचंही वेगळं. दोन्हीपैकी एकच घ्यायचं तर रामसेसचं घ्या, छतावरची रंगवलेली आकाशदेवता बघून मान दुखेल इतकी मोठी आहे. तूतानखामूनचं थडगं लहान, आणि १९२२ मध्ये सापडलेला खजिना कैरोलगत गिझाच्या संग्रहालयात आहे. गाईड आत बोलत नाहीत, सगळं बाहेरच सांगून घेतात. तेव्हा प्रश्नही बाहेरच विचारून घ्या. बऱ्याच मोठ्या ठिकाणी तिकीटखिडकीवर रोख चालत नाही. कार्डावरचे परदेशातले व्यवहार निघण्याआधीच बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून ठेवा.

दुसऱ्या दुपारी बोट सुटते आणि खरी सफर सुरू होते. संध्याकाळच्या सुमारास इस्ना येतं. इथे नदीवर बंधारा आहे, आणि बोटीला वरच्या पातळीवर न्यायला लॉक, म्हणजे पाण्याची लिफ्ट. बोटी लॉकमध्ये शिरतात, मागचा दरवाजा लागतो, पाणी भरतं, बोट वर येते, पुढचा दरवाजा उघडतो. दोन्ही बाजूंच्या भिंती हात लावता येईल इतक्या जवळ. हे सगळं व्हायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो रांगेत. गर्दीच्या हंगामात ताटकळण्याची तयारी ठेवा, आणि ठरलेली वेळ पाळली जाईलच असं धरू नका.

रांगेत असताना छोट्या होड्या बोटीला चिकटतात आणि खालून हाका सुरू होतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गलाबिया (पायघोळ झगा) किंवा टेबलक्लॉथ तीन मजले वर, नेमका तुमच्या पायाशी येऊन पडतो. पिशवी फोडली की सौदा सुरू झाला असं समजायचं. नको असेल तर न उघडता खाली टाका, होडीतच पडेल असं बघून. हवा असेल तर ओरडून भाव ठरवा, दुसऱ्या पिशवीत पैसे घाला, घट्ट गाठ मारा आणि फेका. पहिल्या भावाच्या निम्म्याहून खाली सुरुवात करायला लाजू नका. आपल्याला तुळशीबागेची सवय आहेच.

एडफूला बोट रात्री पोचते आणि सकाळी लवकर सगळ्याच बोटींचे प्रवासी एकदम देवळाकडे निघतात. ससाणादेव होरसचं हे देऊळ इ.स.पू. २३७ ते ५७ या काळात बांधलं गेलं आणि शतकानुशतकं वाळूत बुडून राहिलं, म्हणून इतकं शाबूत. धक्क्यापासून तिथे टांग्याने नेतात. घोडे बरेचदा हडकुळे, चाबूक सैल, आणि परतताना बक्षिसावरून कटकट ठरलेली. (बक्षीस हा शब्द तिथेही तोच, निदान तो शिकावा लागत नाही.) टांगा नको असेल तर गाईडला आदल्या रात्रीच सांगा. टॅक्सी मिळते, आणि तिथल्या रस्त्यांवर बजाजच्या रिक्षाही धावतात. जायचं-यायचं मिळून भाड्याचा आकडा बसण्याआधी ठरवा.

एडफू ते कोम ओम्बो हा दिवसाउजेडीचा सगळ्यात चांगला पट्टा. खजुराची झाडं, ऊस, पाण्यात उभ्या म्हशी आणि त्यांच्यामागे लगेच पिवळं वाळवंट. गबल अस-सिलसिलाजवळ नदी अरुंद होते आणि दोन्ही बाजूंना वालुकाश्माच्या खाणी दिसतात. कितीतरी देवळांचा दगड इथून गेला. मोठ्या बोटी तिथे थांबत नाहीत. थांबायचंच असेल तर ‘दहाबिया’ बघा : दोन शिडांची, आठ-दहा केबिनची नौका. ती बहुधा इस्नाहून सुटते, म्हणजे लॉकची रांग टळते. वारा पडला की टगबोट ओढते. महाग आहे. पण नदीसाठीच जाणार असाल तर पैसे तिथे घाला. या दुपारी डेकवर सावलीतली खुर्ची जेवणाआधीच पकडा. डिसेंबर-जानेवारीत पोहण्याचा तलाव बर्फासारखा असतो, आणि सूर्य मावळला की स्वेटर लागतो.

कोम ओम्बोचं देऊळ धक्क्याला लागूनच आहे, अर्धं मगरदेव सोबेकचं, अर्धं होरसचं. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी आहेत, ते चुकवू नका.

आस्वानहून अबू सिंबेलचं देऊळ २८० किलोमीटर. पहाटे चारला निघायचं, जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत. आस्वानच्या उंच धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये हे देऊळ कापून ६५ मीटर वर नेलं, आणि ते बघायलाच हवं. फक्त त्याच दिवशी आस्वानमधलं फिलेचं देऊळ आणि अपुरा ओबेलिस्क (खाणीतच राहिलेला दगडी स्तंभ) कोंबू नका, दुपारी लोक देवळाच्या पायरीवर झोपतात.

शाकाहारींनी बुफेत डाळीचं सूप, फूल (शिजवलेला फावा घेवडा), तामिया (त्याचेच तळलेले वडे) आणि गव्हाची रोटी यांवर भरवसा ठेवावा. भाताला आणि मुलुखियाच्या भाजीला बरेचदा कोंबडीचं पाणी असतं, विचारून घ्या. कच्ची कोशिंबीर टाळा, ओआरएस सोबत ठेवा.

शेवटची संध्याकाळ फलूकाला द्या. शिडाची ही होडी तासाच्या भाड्याने ठरते. उत्तरेचा वारा तिला प्रवाहाविरुद्ध नेतो, परतताना प्रवाह आणतो. वारा नसेल तर नावाडी वल्हवत बसतो आणि तास संपतो, तेव्हा झाडांची पानं हलताहेत ना, ते बघूनच भाव करा. खाली उतरलात की बाजारातून करकदे घ्या. ती आपल्या लाल अंबाडीचीच बोंडं, वाळवलेली. भुगा नको, अख्खी आणि गडद लाल बघून घ्या. मूठभर तोंडात टाकून चघळली की आंबटपणा कळतो.