पन्नासवाले, पाचशेवाले आणि रशियन

आमच्या फोटोग्राफीच्या मंडळात पन्नासवाले काका होते, पाचशेवाले डॉक्टर होते आणि एक दहा-वीसवाला होता. त्याच्या ग्रुप फोटोत कडेला उभं राहणाऱ्याचं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांबायचं, म्हणून सगळ्यांची मधल्या जागेसाठी ढकलाढकली चालायची. खरी नावं हजेरीच्या वहीत असतील. आम्ही हाक लेन्सच्या मिलिमीटरने मारायचो. आकडा लहान तर चित्र रुंद, मोठा तर लांबचं जवळ.

मी अठरा-पंचावन्नवाला. म्हणजे कॅमेऱ्याच्या खोक्यातच येते ती लेन्स वापरणारा. ही ओळख काही मानाची नव्हती.

मंडळ पुण्यातलं, हौशी लोकांचं. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा एकही नाही. बँक, दवाखाना, शाळा, दुकान सांभाळून रविवारी कॅमेरा गळ्यात घालणारे पंचवीस-तीस जण. वर्षातून दोनदा सगळे नक्की भेटायचे. एकदा जानेवारीतल्या सहलीला आणि एकदा 19 ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी. 1839 साली त्या तारखेला फ्रान्सच्या सरकारने लुई दागेर या संशोधकाच्या छायाचित्रणाची कृती जगासाठी खुली केली, म्हणून तो जागतिक छायाचित्रण दिन. आमच्यासाठी मात्र तो मुख्यतः श्रावणातला रविवार. कुणाचा ना कुणाचा उपास असायचाच, म्हणून शाळेच्या हॉलमागच्या व्हरांड्यात साबुदाण्याची खिचडी आणि बटाटेवडे अशी दोन पातेली शेजारी शेजारी. उपासवाले वड्यांकडे बघत खिचडी खायचे. बिनउपासवाले दोन्ही खायचे.

कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने नाही, टॉर्चने व्हायची. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. खिडक्यांचे पडदे ओढून काका एकेक लेन्स हातात घ्यायचे, अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडायचे आणि मागून टॉर्च मारायचे. काच स्वच्छ असली तर नुसतीच मान हलायची. बुरशी असली तर काचेच्या कडेने आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसायचे, आणि हॉलमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे वर धरल्यावर पसरते तशी शांतता पसरायची. ती लेन्स लगेच वेगळ्या टेबलावर. मग सिलिका जेलवर व्याख्यान. निळे दाणे ओल धरून गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करायचे, हे आम्ही दरवर्षी नव्याने ऐकायचो. दरवर्षी चित्रकलेच्या बाई मधेच सांगायच्या, "पोळ्यांच्या तव्यावर नका हो भाजू, त्याला वेगळं भांडं ठेवा." हे त्यांनी स्वतः करून पाहिलं असावं असा आम्हाला संशय होता.

खरी मजा त्यानंतर. प्रत्येकाने आणलेला एक मोठा प्रिंट भिंतीवर नाव न लिहिता लागायचा आणि बाकीच्यांनी तो कुणाचा ते ओळखायचं.

पाचशेवाल्या डॉक्टरांचा प्रिंट हॉलच्या दारातून ओळखू यायचा. त्यांची 500 मिलिमीटरची आरशावाली लेन्स. आत आरसे असल्यामुळे लांबीला आखूड आणि वजनाला हलकी, पण समोरच्या काचेच्या मधोमध आरशाचा काळा ठिपका. त्या ठिपक्यामुळे मागे चकाकणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाचं भोकाचं वर्तुळ होतं. भिगवणचे फ्लेमिंगो पुढे आणि मागे शंभरेक मेदूवडे, ही डॉक्टरांची शैली. त्यांना त्याचा अभिमान होता की नाईलाज होता, ते कधी कळलं नाही.

बाईंचे फोटो खिडकीतल्या उजेडाचे. एखादं फडकं, एखादी वाटी, आणि सावली इतकी सावकाश उतरलेली की पेन्सिलीने काढलीय असं वाटावं. दहा-वीसवाल्याकडे आभाळच आभाळ. पन्नासवाले काका शेवटपर्यंत रोलवर काढायचे, पेंटॅक्स के 1000 आणि 50 मिलिमीटरची एकच लेन्स. झूम कशाला, दोन पाय दिलेत की, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्या कृष्णधवल प्रिंटमध्ये विशेष काही घडत नसायचं. दुकानाच्या पायरीवर माणूस बसलेला असायचा. पण तो तिथेच बसायला हवा होता, असं वाटायचं.

आणि माझा प्रिंट? तो कुणालाच ओळखता यायचा नाही. एका वर्षी तो चार जणांच्या नावावर गेला आणि त्या चौघांनीही घाईघाईने नाकारला. मी हसलो, पण वडा काही गोड लागला नाही.

जानेवारीच्या सहलीत लेन्स बदलायचा खेळ असायचा. कॅननवाल्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात, निकॉनवाल्यांच्या दुसऱ्या. जी निघेल तिच्यावर दिवस काढायचा, कुरकुर केली तर चहाचं बिल भरायचं. शिवाय मंडळाच्या मालकीची एक लेन्स होती, जुन्या बाजारात वर्गणीतून घेतलेली हेलिओस 44-2. जुन्या रशियन झेनिट कॅमेऱ्यांवर यायची ती, 58 मिलिमीटर, एफ 2 (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). आम्ही तिला नुसतं 'रशियन' म्हणायचो. हातात घेतली की वजन कळायचं. अपर्चरला एक सोडून दोन कड्या. फोटोत मागे झाडाची पानं असली तर ती गरगर फिरल्यासारखी दिसायची, जात्याभोवती पीठ पडावं तशी. ती स्क्रूची, म्हणजे आट्यांनी बसणारी, असल्याने मधे जोडणीची कडी लावून कशावरही बसायची, म्हणून तिची चिठ्ठी दरवर्षी आलटून पालटून दोन्ही डब्यांत जायची.

2010 ची सहल वाईजवळच्या मेणवलीला होती. पहाटे पुण्यातून निघालो, खंबाटकी चढेपर्यंत उजाडलं, आणि मिनीबसच्या मागच्या सीटवर चिठ्ठ्या निघाल्या. मला रशियन.

घाटावर पोचल्यावर गडबड लक्षात आली. कृष्णेवर धुकं, चंद्रकोरीसारखा वळलेला नाना फडणवीसांचा घाट, पलीकडे देवळांचे कळस, आणि माझ्या कॅमेऱ्यात सगळी खीर. कितीही फिरवा, पाच-सहा फुटांपलीकडचं काही शार्प येईना. काका शांतपणे म्हणाले, "येणारच नाही." या स्क्रूवाल्या लेन्सला सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीपासून, 45.46 मिलिमीटर अंतर लागतं. कॅननचं 44 असतं, त्यात दीड मिलिमीटरची कडी चपखल बसते. माझ्या निकॉनचं मुळातच 46.5. कडी लावायच्या आधीच लेन्स मिलिमीटरभर पुढे आलेली, त्यामुळे लांबचं तिला दिसतच नाही. "मग हे काल का नाही सांगितलंत?" "काल तुला कुठे निघाली होती?"

वर माझा कॅमेरा या लेन्सबरोबर उजेडही मोजून देईना. काकांनी हिशेब तोंडी दिला. कडक उन्हात एफ 16 आणि शटर एका सेकंदाचा आयएसओच्या (सेन्सरच्या उजेड-संवेदनेच्या) आकड्याइतका भाग, सावलीत एफ 4. मी 200 आयएसओवर, झाडाच्या सावलीत, एफ 2 म्हणजे चौपट उजेड, म्हणून शटर सेकंदाचा आठशेवा भाग.

दहा-वीसवाला घाटभर बागडत होता. मी देवळापाशी टांगलेल्या मोठ्या घंटेजवळ गेलो, कारण जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली तेव्हाची ही पोर्तुगीज चर्चमधली घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हा आकडा आहे. मी मेणवलीला आधी दोनदा येऊन गेलो होतो, दोन्ही वेळा घंटेचा फोटो काढला होता आणि आकडा पाहिलाच नव्हता.

खालच्या पायरीवर एक आजी चिंचेने तांब्याची कळशी घासत होत्या. फोटो काढू का विचारलं.

"माझा कशाला? घंटेचा काढ. सगळे तिचाच काढतात."

"हातांचा काढतो, आजी."

"काढ की. थांब, बांगड्या खाली घेते."

हिरव्या बांगड्या खळ्ळकन मनगटावर आल्या. फोकसची कडी एका जागी ठेवून मीच पुढे-मागे डुलत होतो, कीर्तनकारासारखा. चिंचेचा काळपट चोथा बोटांच्या फटीतून ओघळत होता, आणि जिथून तो पुसला जाई तिथे कळशीचा गुलाबी तांबूस रंग उघडा पडे. मागे झाडाची पानं गरगर फिरत होती. सगळा दिवस त्या पाच-सहा फुटांत गेला. चहाचं बिल मीच भरलं, कारण खंबाटकीपासून कुरकुरच करत आलो होतो.

ऑगस्टमध्ये तो प्रिंट लागला. पहिल्या झटक्यात सगळ्यांनी बाईंचं नाव घेतलं. बाई चष्मा कपाळावर चढवून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, माझा नाही, पण असता तर हरकत नव्हती. मी आतल्या आत फुगलो. तेवढ्यात काका मागून म्हणाले, "अठरा-पंचावन्नचा आहे. चार बोटांपैकी एकच शार्प आलंय. बाईंनी असं सोडलं नसतं."

हॉल हसला. पण ओळखला गेला होता. त्या दिवशी मी चार वडे खाल्ले.

पुढच्या जानेवारीत रशियन कॅननवाल्यांकडे गेली, ती सरळ लांबचं दाखवू लागली आणि तिचे फोटो चारचौघींसारखे आले, असं माझं मत. ते कुणी मागितलं नव्हतं.

काका आता सहलीला येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. टॉर्चची तपासणी मात्र खुर्चीत बसून करतात. यंदा चिठ्ठीत रशियन एका कॉलेजातल्या मुलीला निघाली. तिचा कॅमेरा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला. त्यात सेन्सर लेन्सच्या इतका जवळ असतो की मधे कुठलीही कडी सुखाने मावते. तिने रशियन चढवली, लांबच्या डोंगरावर रोखली, स्क्रीनवर डोंगराची धार स्वच्छ आली. मी तिला मेणवलीची सगळी कथा सांगितली, 46.5 पासून चिंचेपर्यंत.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण काका, मग तुम्ही सरळ दुसरी लेन्स का नाही लावलीत?"

पन्नासवाल्यांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांच्या हातातली टॉर्च छतावर फिरत राहिली.