काकडीचं कूळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवात गुरुजनांच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मी जीवशास्त्राच्या पुस्तकात चार ओळींत उरकलेलं एक कूळ इथे मांडतो: कुकुर्बिटेसी. दादरच्या भाजीबाजारात दुधी, पडवळ, कारली, तोंडली, कोहळा सगळे भेटतात.

फळावरून नातं जुळवायला गेलं की फसगत ठरलेली. दोडक्याला शिरा, घोसाळं गुळगुळीत, तरी दोन्ही लुफा या एकाच वंशातले. काकडी आणि चिबूड दोन्ही कुकुमिस वंशातले, पण काकडीची गुणसूत्रं 14, चिबडाची 24. त्यामुळे शेजारी लावले तरी संकर होत नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्याचं पिवळं पहाटे. पहिला लॅजेनेरिया, दुसरा अमेरिकेतून आलेला कुकुर्बिटा.

खरी ओळख फुलात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं फळच असतं, म्हणजे अंडाशय खाली. काकडीचं नर फूल ब्लेडने उभं चिरून भिंगाखाली धरा. पुंकेसर तीन दिसतात, मुळात ते पाच: चार जोडीजोडीने जुळलेले, एक सुटा. सुट्याच्या परागकोशाला कप्पा एकच, तोही नागमोडी वळलेला. उमललेलं फूल लगेच मलूल होतं, म्हणून टपोरी कळी बरी.

मग तणावा, म्हणजे आधाराला वेटोळं घालणारा तंतू पाहा. या कुळात तो देठाच्या बाजूला, पेराच्या कडेला फुटतो. कृष्णकमळात थेट पानाच्या बगलेत. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या बेंथम आणि हूकर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तरीही दोघांना एकाच गणात, म्हणजे कुळांच्या गटात बसवलं, आणि आपल्याकडे कॉलेजात वर्षानुवर्षं तेच घोकून घेतलं. डीएनएच्या पुराव्याने कृष्णकमळ दूर गेलं आणि त्याच गणातला बेगोनिया जवळच राहिला. बेगोनियाचीही फुलं एकलिंगी, अंडाशय खाली. हे साध्या डोळ्यांनाही दिसत होतं!

बोरिवलीच्या जंगलात पावसाळ्यात याच कुळातली शिवलिंगी मिळते, लाल फळावर पांढरे पट्टे. परवानगीशिवाय तिथलं काही तोडू नये. नमुना कागदांत दाबून वाळवायचा तर पान तणाव्यासकट घ्या. रसाळ फळ अख्खं दाबलं की कुजतं, पातळ चकती कापून वेगळी वाळवा. टिपकागद सुरुवातीला रोज बदला, मुंबईच्या दमट हवेत बुरशी लगेच धरते. तोंडली आणि करटोलीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. दोन्हींचे नमुने स्वतंत्र कागदांवर लावा. नाव पडताळायला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे, पण फुलाविना नेलेल्या नमुन्यावर तिथेही कोणी छातीठोक सांगणार नाही.