23 वरनं 28 वर आलो: रोड बाईकची जाड चाकं

डिसेंबरात कोल्हापुरातनं सायकलवरनं गगनबावड्याला निघालो होतो, फुलेवाडी सोडली, बालिंग्याचा पूल ओलांडला आणि कळे यायच्या अलीकडं समोरनं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला म्हणून सायकल कडेला घेतली, तर डांबराची कड तुटलेली होती तिथं पुढचं चाक धाडकन आपटलं. ट्यूब काढून बघितली तर शेजारी शेजारी दोन चिरा, म्हणजे रिमनंच ट्यूब चिमटलेली. टायर 23 एमएमचा, हवा 110 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठासून भरलेली, तरी हे झालं. त्या हंगामातलं तिसरं पंक्चर होतं. मनगटं बधिर झालेली ती वेगळीच.

बारीक टायर आणि दगडासारखी हवा म्हणजे स्पीड असं अजून लई जण धरून बसलेत, मीपण पाच वर्षं तेच धरून होतो. पण हवा सारखीच ठेवली तर जाड टायर रस्त्याला आखूड आणि रुंद टेकतो, कमी दबतो, त्यामुळं रबर दबण्या-सुटण्यात जोर कमी वाया जातो. आणि खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल उचलून आपटतो, ते हादरे आपलं अंग पचवतं, म्हणजे आपल्या पायाचीच ताकद गेली की. पूर्वी टायर गुळगुळीत लोखंडी ड्रमवर फिरवून टेस्ट करायचे, तिथं जास्त हवा कायम जिंकायची. आपला राधानगरी रोड काय ड्रम नव्हे. आता रेसवाले सुद्धा सर्रास 28 आणि त्याच्या वरचे वापरतात.

आता खरी गोष्ट, टायरवर छापलेला आकडा खरा धरू नका. माझी जुनी रिम आतनं 15 एमएम रुंद, 28 च्या टायरबरोबर नवीन घेतली ती 19. रिम रुंद झाली की तोच टायर जास्त फुगतो. मित्र शिरोली एमआयडीसीत आहे, तो व्हर्नियर घेऊन आला, टायर चढवून हवा भरून एक रात्र ठेवला आणि सकाळी मापला तर 28 चा टायर 29.1 भरला! माझी सायकल जुनी, कॅलिपर ब्रेकची (रिमला दोन्हीकडनं चिमटा घेणारा ब्रेक), त्यात एवढं बसतंय का ही धाकधूक होती. मग 4 एमएमची एलन की घेतली आणि टायर आणि फ्रेमच्या मधनं सगळीकडं फिरवून बघितली. फोर्कखाली आरामात गेली, चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणारे फ्रेमचे खालचे पाइप) डाव्या बाजूला जेमतेम गेली. जेमतेम का होईना, गेली. चाक जरा जरी आउट झालं तरी घासायला नको आणि पावसात चिखल अडकायला नको, म्हणून एवढी फट पाहिजेच. नाही गेली तर गपगुमान 25 घ्या.

ब्रेक पण परत सेट करायला लागले, कारण रिम बाहेरनंही रुंद, पॅड आधीच चिकटत होते. केबल ढिली केली. आणि चाक काढताना कॅलिपरची लिव्हर उघडली तरी फुगलेला टायर पॅडमधनं निघत नाही, थोडी हवा सोडावी लागते, हे रस्त्यात पंक्चर झाल्यावर कळण्यापेक्षा घरी करून बघा.

माझं वजन 74 किलो, सध्या पुढं 65 आणि मागं 72 पीएसआय ठेवतोय. जाड टायर घालून परत 100 भरली तर पैसे पाण्यात. आणि हुकलेस रिम (टायरची कड धरून ठेवणारा आतला हुक नसलेली) घेणार असाल तर जास्तीत जास्त 72.5 पीएसआय, त्याच्या वर नाही, आणि टायर हुकलेसला चालतो का ते टायर बनवणाऱ्याच्या यादीत बघूनच घ्या, इथं अंदाजपंचे नको.

त्यानंतर गगनबावडा दोनदा करून आलो, एकही पंक्चर नाही, हात शेवटपर्यंत जागेवर. येत्या रविवारी पन्हाळ्याला जाताना दोन्हीकडं 3-3 पीएसआय कमी करून बघणार आहे, वाघबीळच्या उतारावर वळणात कसं धरतंय ते लिहितो.