कामकाजात नोंदले गेलेले एक वाक्य

आमच्या तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या प्रश्नांसाठी मी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरला जाते. मी कोणत्याही पक्षाची सदस्य नाही आणि ग्रंथालयात नोकरीलाही नाही. गावच्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि लहानपणापासून त्या ग्रंथालयाची वाचक आहे, एवढाच माझा या कामावरचा अधिकार. पहिल्यांदा गेले ती २०१६ च्या डिसेंबरमध्ये. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर मला असे ठामपणे वाटते की, स्वयंसेवकाने अधिवेशनातून मिळवण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उच्चारलेले आणि कामकाजात नोंदले गेलेले एक नेमके वाक्य. दालनात मिळालेला शब्द, निवेदन स्वीकारतानाचे छायाचित्र, वर्तमानपत्रातील बातमी यांनी धीर येतो हे खरे. पण सहा महिन्यांनी कागदावर बोट ठेवून दाखवता येते ते हे वाक्यच.

प्रश्न थोडक्यात सांगते. राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्यानुसार मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेली असतात आणि वर्गानुसार त्यांना वार्षिक अनुदान मिळते. खेड्यातील ड वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एकच माणूस ग्रंथपाल, लेखनिक आणि शिपाई अशी तिन्ही कामे करतो आणि त्याचे तुटपुंजे वेतन याच अनुदानातून निघते. हप्ता लांबला की त्याच्या घरची चूल अडते, वर्तमानपत्रे टाकणाऱ्याची उधारी वाढते आणि पुस्तकखरेदी तर विसरावीच लागते.

पहिल्या वर्षी आम्ही चौघांनी नऊ पानांचे निवेदन तयार केले होते. त्यात चौदा मागण्या होत्या. आमदार निवासाच्या पायऱ्या चढत-उतरत आम्ही ते तीसेक सदस्यांना दिले. प्रत्येकाने ते आदराने घेतले, चहा विचारला, आणि अधिवेशन संपेपर्यंत ग्रंथालय हा शब्द आमच्या संदर्भात कोणी उच्चारला नाही. परतीच्या आदल्या दिवशी एका आमदारांच्या स्वीय सहायकांनी आम्हाला बसवून घेतले आणि अतिशय शांतपणे सांगितले, “ताई, साहेबांना बोलायला मिळाली तर दोन मिनिटं मिळतात. तुमची नऊ पानं मी त्या दोन मिनिटांत कुठे बसवू? आणि प्रश्न टाकायचा होता, तर त्याची मुदत कधीच संपली. तुम्ही आलात ते उशिरा आलात.” त्या माणसाचे ऋण मी आजही मानते, कारण अधिवेशन सुरू झाल्यावर अधिवेशनाचे काम सुरू करायचे नसते, हे आम्हाला तोवर कोणीच सांगितले नव्हते.

तेव्हापासून आमचे काम दिवाळीच्या आधी सुरू होते. माहितीच्या अधिकारातील अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची असल्यामुळे डिसेंबरमध्ये वापरायची आकडेवारी हवी असेल, तर अर्ज उशिरात उशिरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जावा लागतो. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून सदस्यांना त्यांच्या मतदारसंघातील कार्यालयात, गर्दी नसताना भेटणे श्रेयस्कर. पुढे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यावे अशी अपेक्षा असली, तरी प्रश्नोत्तराच्या एका तासात यादीतील मोजकेच प्रश्न पुकारले जातात आणि उरलेल्यांची लेखी उत्तरे सभागृहासमोर ठेवली जातात. आमचा पहिला प्रश्न असाच पुकारला गेला नाही. लेखी उत्तरात ‘अंशतः खरे आहे’ एवढे तीनच शब्द आमच्या वाट्याला आले, तरीही मी त्या दिवशी समाधानी होते. अनुदान वेळेवर मिळत नाही, हे अंशतः का होईना, पहिल्यांदाच लेखी मान्य झाले होते.

लक्षवेधी सूचना हे दुसरे साधन. त्यात मंत्र्यांना निवेदन करावे लागते आणि सदस्यांना त्यावर उपप्रश्न विचारता येतात, म्हणून तिला मागणी फार आणि क्रमांक लागणे कठीण. औचित्याचा मुद्दा, म्हणजे एखादा तातडीचा विषय सभागृहाच्या निदर्शनास आणून देणे, हाही मार्ग आहे, पण त्यावर तिथल्या तिथे उत्तराची खात्री नसते. पुरवणी मागण्यांवरील चर्चेकडे मात्र आमच्यासारख्यांनी अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्यांत प्रत्येक विभागाच्या वाढीव खर्चाचा प्रस्ताव असतो, आणि ग्रंथालये ज्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आहेत त्याच्या मागण्या चर्चेला आल्या की ग्रंथालयांविषयी बोलणे विषयाला धरूनच ठरते. त्या दिवशी सदस्याच्या हातात आमचे एक पान असले, तर ते वापरले जाण्याची शक्यता एरवीपेक्षा कितीतरी अधिक असते.

या एका पानाविषयी एक चूक मला इथे लिहिलीच पाहिजे. तिसऱ्या खेपेला मी दिलेल्या टिपणात अनुदान रखडलेल्या ग्रंथालयांची संख्या चुकली होती. मान्यता रद्द झालेली काही ग्रंथालये मी त्यात धरली होती. एका सदस्याने माझ्यावर विश्वास ठेवून तो आकडा सभागृहात सांगितला आणि मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडून आलेली यादी वाचून तो खोडून काढला. प्रेक्षक सज्जातून ते ऐकताना मला जे वाटले ते मी विसरू शकत नाही. आमचा मूळ मुद्दा पूर्णपणे खरा होता, पण एका चुकीच्या संख्येमुळे त्या दिवशी तो खोटा ठरला, आणि ज्यांनी आमच्यासाठी तोंड उघडले त्यांची मान आमच्यामुळे खाली गेली. मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली. तेव्हापासून टिपणातील प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या पत्रातून घेतला त्याचा जावक क्रमांक आणि दिनांक लिहिल्याशिवाय आमचे पान बाहेर जात नाही.

आणखी एक गोष्ट शिकायला वेळ लागला. विधानसभेचे २८८ सदस्य आणि विधान परिषदेचे ७८, यांपैकी आपला आमदार म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर विधानसभेचाच येत असे. परिषदेत पदवीधरांचे सात आणि शिक्षकांचे सात प्रतिनिधी असतात. वाङ्मय, शास्त्र, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणत्या व्यक्तींसाठी असलेल्या नामनियुक्त सदस्यांच्या बारा जागाही तिथेच आहेत. रस्ता, पाणी, वीज यांच्या रेट्यात विधानसभेत मागे पडणारा ग्रंथालयाचा विषय परिषदेत अधिक सविस्तर ऐकला जातो, असा आमचा अनुभव आहे.

अधिवेशन नागपूरला होते, याचे मोल विदर्भाबाहेरच्या मित्रांना समजावून सांगावे लागते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे कबूल केले गेले, म्हणून गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या माणसाला राज्याचे सरकार वर्षातून काही दिवस तरी एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर येते. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे हे अधिवेशन मुंबईत झाले. ते त्या परिस्थितीत समजण्यासारखे होते, पण त्या दोन वर्षांत आमचे काम केवळ टपालावर आणि दूरध्वनीवर चालले आणि समोरासमोर बसून कागद समजावून देण्याला दुसरा पर्याय नाही, हे आम्हाला पुरेपूर कळले. यशवंत स्टेडियमकडून निघणारे मोर्चे पाहताना मला दर वेळी २३ नोव्हेंबर १९९४ आठवतो. अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. झिरो माइलजवळच्या त्यांच्या स्मारकापाशी थांबल्याशिवाय मी पुढे जात नाही. आम्ही पास घेऊन आत जातो आणि सज्जात बसतो. ज्यांना आत कोणी ओळखत नव्हते त्यांनी सरकारने आपले म्हणणे ऐकावे म्हणून काय मोजले, याचे भान त्या पासासोबत राहावे, असे मला वाटते.

स्वयंसेवकांच्या चिकाटीचे सर्वांत मोठे उदाहरण याच नागपूरने पाहिले आहे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे एकामागून एका अधिवेशनात येत राहिले, मसुदे बदलले, सरकारे बदलली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. हा कायदा हत्येमुळे झाला, असे सहज म्हटले जाते. ते मला अपुरे वाटते. अध्यादेश इतक्या लवकर निघू शकला, कारण अनेक वर्षे घासून-पुसून, आक्षेपांना उत्तरे देऊन तयार झालेला मसुदा तिथे आधीच होता, आणि तो कार्यकर्त्यांच्या श्रमातून झाला होता.

नागरिकांसाठी दार अधिकृतपणे उघडते असेही प्रसंग येतात, मात्र ते कमी. बहुतेक विधेयके मांडल्यापासून थोड्याच दिवसांत मंजूर होतात. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांविरुद्धचे विशेष जनसुरक्षा विधेयक मात्र डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, समितीने जनतेकडून सूचना मागवल्या आणि १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. पुढे समितीने सुचवलेल्या बदलांसह ते जुलै २०२५ मध्ये मंजूर झाले. त्या कायद्याविषयी कोणाचे मत काहीही असो, हजारो लोकांनी मसुदा मिळवून, वाचून, मुदतीत लिहून पाठवले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि अशी संधी अपवादाने न मिळता नेहमी मिळावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

आमचे वाक्य शेवटी परिषदेतील एका लक्षवेधी सूचनेवर मिळाले. दुसऱ्या उपप्रश्नाला उत्तर देताना, थकीत हप्ता चालू आर्थिक वर्षातच दिला जाईल, असे मंत्र्यांनी स्पष्ट सांगितले. मी वहीत वेळ लिहिली. नंतर त्या बैठकीच्या कामकाजाची असुधारित प्रत मिळवून ते वाक्य शब्दशः ताडून पाहिले, कारण ऐकलेले आणि नोंदलेले यांत कधी कधी एखाद्या ‘प्रयत्न करू’ एवढा फरक असतो. तसा फरक नव्हता. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते, हे अनेकांना ठाऊक नसते. त्या समितीकडे प्रत जोडून पत्र पाठवले आणि ज्या सदस्यांनी सूचना मांडली होती त्यांनाही एक दिले. मार्च संपण्यापूर्वी तालुक्यातील बहुतेक ग्रंथालयांच्या खात्यात रक्कम जमा झाली. आमच्या ग्रंथपालांनी सर्वांत आधी वर्तमानपत्रवाल्याची उधारी चुकती केली.

सात ग्रंथालये मात्र राहिली. त्यांची नावे, वर्ग आणि मंजुरीच्या पत्रांचे क्रमांक असलेले पान माझ्यासमोर आहे आणि त्यावरून येत्या अधिवेशनासाठीच्या प्रश्नाचा मसुदा मी काल रात्री पूर्ण केला. सभागृहाच्या रीतीप्रमाणे त्यात चार भाग आहेत. पहिल्यात आश्वासनाचा दिनांक घालून ‘हे खरे आहे काय’ असे विचारले आहे, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात ‘असल्यास’ म्हणून या सातांविषयी कोणती कार्यवाही केली ते विचारले आहे, आणि चौथा भाग नेहमीचाच आहे: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?