तुम्ही विचारलंत म्हणून: पीआरसी येऊन गेली, पुढे काय?

विधिमंडळाची पंचायत राज समिती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची पीआरसी, नागपूर जिल्हा परिषदेत येणार म्हटलं की नरखेडपासून भिवापूरपर्यंत फायलींवरची धूळ झटकली जाते, शाळांना रंग लागतो. मग प्रश्न ठरलेला: "तीन दिवस आमदार अधिकाऱ्यांना झापतात, त्यानं होतं काय?"

झापण्यानं काही होत नाही. जे होतं ते परिच्छेदानं, म्हणजे लेखापरीक्षणातल्या क्रमांक लावलेल्या आक्षेपानं.

स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग जिल्हा परिषदेचे हिशेब तपासतो. न मिटलेले गंभीर आक्षेप पुनर्विलोकन अहवालात क्रमांक लावून येतात आणि दोन्ही सभागृहांच्या आमदारांची ही समिती तोच अहवाल पुढ्यात घेऊन बसते. साधारणपणे पहिल्या दिवशी या परिच्छेदांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष होते, दुसऱ्या दिवशी गटागटानं पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रं पाहतात, तिसऱ्या दिवशी वार्षिक प्रशासन अहवालावर पुन्हा साक्ष. दुसरा दिवस फोटोंचा. खरं काम पहिल्या दिवशी.

परिच्छेदात असतं काय? नाली बांधकामाचं देयक १० तारखेला निघालं, पण मोजमाप पुस्तिकेत नोंद १४ तारखेची. म्हणजे मोजायच्या आधीच पैसे गेले. किंवा कामासाठी उचललेली तसलमात, म्हणजे आगाऊ रक्कम, वर्षानुवर्षं समायोजितच नाही, तिचा हिशेबच दिलेला नाही. किंवा ई-निविदा टाळायला एकाच रस्त्याचे तीन तुकडे. सगळ्यात सोयीचं उत्तर म्हणजे "अभिलेखे उपलब्ध नाहीत". जाणता सदस्य तिथं थांबत नाही. अभिलेखे कोणाच्या ताब्यात होते, बदली होताना कार्यभाराच्या यादीत होते का, हे विचारतो. तेव्हा कुठं नाव पुढे येतं.

जिल्ह्यात उत्तर पटलं नाही तर मंत्रालयातल्या संबंधित विभागाच्या सचिवांची साक्ष लागते, मग अहवाल सभागृहात मांडला जातो. तोवर साक्ष गोपनीय. बाहेर येतात त्या ऐकीव गोष्टी. समिती स्वतः कोणाला निलंबित करत नाही, शिफारस करते. वसुली, चौकशी विभागानंच करायची. अन् गळती इथंच होते, बाप्पा! अहवाल तपासणीला येतो तोच मुळात काही वर्षं जुना. संबंधित माणूस निवृत्त झालेला असतो, आणि निवृत्तिवेतन नियम १९८२ मधला नियम २७ सांगतो की घटनेला चार वर्षं उलटली असतील तर निवृत्तावर नव्यानं विभागीय चौकशी सुरू करता येत नाही. त्यामुळे अनुपालन, म्हणजे आक्षेपाला उत्तर देऊन तो निकाली काढणं, लांबवणं हाच काहींचा बचाव असतो.

तुमच्या हातात काय, तर गावपातळीवर बरंच आहे. ग्रामपंचायतीचं मागचं लेखापरीक्षण टिपण आणि त्यावर दिलेली उत्तरं आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ठेवली नसतील तर मागा, आणि मागितल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या. तरी टाळलं तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात "भ्रष्टाचाराची माहिती द्या" असं लिहू नका. वर्ष, परिच्छेद क्रमांक आणि अनुपालनाची प्रत, एवढंच मागा.